नांदूरघाटचं दुकान, पुण्यातली वेबसाइट

वेबसाइटी बनवणारी माणसं एकत्र जमली की किस्से निघतातच. कुणाचा सर्व्हर झोपलेला असतो, कुणाचा क्लायंट डोकं खाणारा असतो. माझे किस्से मात्र साचत गेले, कारण सुरुवातीची कित्येक वर्षं ते ऐकायला माणूसच नव्हता. आता तुम्ही बसलाच आहात तर ऐका.

*

नांदूरघाटात आमचं किराणा दुकान. बारावीनंतर मी बीडला कम्प्युटर क्लास लावला. खोलीला एसी, आणि चपला बाहेर काढायचा नियम. एकदा अप्पा, म्हणजे माझे वडील, बघायला आले. चपला काढायला लावल्यावर त्यांचा जो समज व्हायचा तो झाला. त्यांनी खिशातून कपिलधारच्या देवस्थानातली पुडी काढली आणि माझ्या कम्प्युटरला विभूतीची तीन बोटं ओढली.

सर ओरडले, "अहो, धूळ जाते आत!"

अप्पा शांतपणे म्हणाले, "धूळ न्हाई, विभूती हाय."

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांची मशीनं अडकली, माझं तेवढं चाललं. सरांनी ती विभूती पुढे कधी पुसली नाही.

*

पुण्यात नोकरी लागली तेव्हा अप्पा म्हणाले, "चालतं दुकान सोडून काऊन चाललास?"

"वेबसाइटी करायला."

"म्हंजी काय?"

मला सांगता येईना. खरं तर मलाही तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. अप्पा एसटीपर्यंत आले नाहीत, आणि त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं.

रविवारी मी एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांकडे फोन लावायचो. आई यायची. "अप्पा?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "गल्ल्यावर हायेत." दुकान शेजाऱ्यांच्या भिंतीला लागूनच. हाक मारली असती तरी ऐकू गेली असती.

*

माजलगावचे एक बियाणेवाले आमचे क्लायंट. ऑफिसात मराठवाड्यातला मी एकटाच, म्हणून ते माझ्या गळ्यात. मी छान मोकळं पान करून दाखवलं. ते भडकले, "एवढी जागा रिकामी काऊन सोडली बे? भाडं तर पुऱ्या पानाचं घेता!"

मग मी लाल-पिवळी, हलणारी अक्षरं टाकून पान गच्च भरून दिलं. साहेबांना ते बघवेना. मी मात्र रोज उघडायचो. आपल्याकडच्या बाजारपेठेतून चालल्यासारखं वाटायचं.

*

खोलीवर एक जुना कम्प्युटर घेतला. नेट जोडताना मोडेम किंचाळायचा आणि घरमालक भिंत ठोकायचे. मला तो आवाज बरा वाटायचा. दिवसभरात माझ्या हाकेला ओ देणारं तेवढंच एक होतं. फार एकटा होतो हो मी तेव्हा.

त्याच दिवसांत मी अप्पांच्या दुकानाची वेबसाइट केली. वर दुकानाचं नाव, खाली गल्ल्यावर बसलेल्या अप्पांचा फोटो. फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "नुसता फोटो पाठवला असतास तर भिंतीला लावला असता की."

मी म्हणालो, "अप्पांना सांग, आपलं दुकान आता जगात कुठूनही दिसतं. दिवसरात्र उघडं असतं."

तिनं सांगितलं. अप्पा गिऱ्हाइकाची साखर तोलत राहिले म्हणे.

*

दिवाळीला गावी जाताना बीडला उतरलो. क्लासमधला मित्र सलीम, त्यानं तिथं सायबर कॅफे टाकला होता.

"तुझे अप्पा येतेत की इथं," तो म्हणाला. "मोंढ्यात माल भराया आले की येतेत. पोराची वेबसाइट लाव म्हनतेत आन् समोर बसतेत. माऊसला हात बी लावत न्हाईत."

"वाचतात?"

"न्हाई बे, नुसते बसतेत. एकदा मी म्हनलो, अप्पा, बघून झालं आसंल तर बंद करू का? तर माझ्यावरच चिडले. म्हनले, 'पोरानं दिवसरात्र दुकान उघडं ठिवलंय, तिकडं त्यो एकटा किती बसंल?' मंग टेम्पोवाल्यानं हाक मारली तसं उठले, मला खुर्चीवर बसवलं आन् म्हनले, 'मी माल चढवून येतो. तवर गल्ल्यावर तू बस.'"