समजवायला गेलेल्या बायका

हडपसरला आमच्या सोसायटीत नवरात्रात पार्किंगमध्ये भोंडला होतो. पाटावर हत्ती काढायचा, भोवती मुलींनी फेर धरायचा, सासू सुनेला कशी छळते याची गाणी हसत हसत म्हणायची आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची. मी बँकेतून निवृत्त झालेली, एकटी, आणि सोसायटीच्या मते तिरसट. पण माझ्या हातची खिरापत सगळ्यांना आवडते, म्हणून मला बोलावतात.

गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरची एक नवी मुलगी फेरात आली. आठ-नऊ वर्षांची. आईवडील यवतमाळकडे, ही शाळेसाठी काका-काकूंकडे. तिचा गजरा सुटत होता म्हणून मी हात वर नेला, एवढंच. पोरगी तिथल्या तिथे खाली बसली, कोपरांनी डोकं झाकलं आणि म्हणाली, "चुकलं माह्यं, चुकलं!"

"भारीच नाटकी आहे हो," बायका हसल्या. नाटकी मूल आधी कोण बघतंय ते बघतं. हिने डोळे गच्च मिटले होते. बाही वर सरकली होती आणि दंडावर उलथन्याच्या कडेसारखे सरळ डाग होते. एक जुना, एक अजून ओला.

मी खिरापत वाटत होते, तेवढ्यात तिची काकू आली. "सारखी पडते हो, धांदरट आहे," ती गोड हसून म्हणाली आणि तिने पोरीच्या मानेवर हात ठेवला. पोरगी तोंडातला घास चावायचीही थांबली.

त्याच संध्याकाळी मी कमिटीतल्या बायकांना म्हटलं, मुलांसाठी हेल्पलाइन असते, आत्ता फोन करू या. "अहो, एकदम पोलीसबिलीस काय! शेजारधर्म आहे की नाही? आधी समजावून बघू." आमच्याकडे कुणाचं बाथरूम गळलं तरी आधी समजावतात. "पोर म्हणजे काय गळकी मोरी आहे का?" मी ओरडले. "कुणी त्या घरात पाऊल टाकू नका!" त्या "बरं, उद्या बघू" म्हणाल्या आणि मी त्यावर विसंबले.

दुसऱ्या दिवशी मी नारायण पेठेत बहिणीकडे गेले, आणि इकडे या बायका खिरापतीचा डबा घेऊन त्या घरी जाऊन आल्या. वर मला कौतुकाने सांगतात, "किती लाघवी बाई आहे! पोहे खाल्ल्याशिवाय सोडेना. आम्ही कुणाचं नाव घेतलं नाही हं, नुसतं म्हटलं, मुलीला जरा प्रेमानं घ्या." मी कपाळावर हात मारून घेतला. आता त्या घराला कळलं होतं की बाहेर कुणाला तरी दिसलंय.

त्या संध्याकाळी पोरगी भोंडल्याला आली नाही. "ताप आलाय," काकूने खिडकीतूनच सांगितलं आणि पडदा ओढला. टीव्हीचा आवाज खाली पार्किंगपर्यंत येत होता. मी जिना चढून त्यांच्या दाराशी गेले. मध्येच टीव्ही बंद झाला. आतून रडण्याचाही आवाज नव्हता, आणि मला खरी भीती तेव्हा वाटली. घरी येऊन मी सरळ हेल्पलाइनला फोन लावला.

सकाळी हेल्पलाइनच्या दोन बायका आणि साध्या वेशातली एक पोलीस आली. ओळखीचं कुणी असावं म्हणून त्यांनी मलाही वर नेलं. "या ना, चहा टाकते," काकू म्हणाली. मुलगी स्वयंपाकघरात दारामागे बसली होती, एक डोळा सुजून मिटलेला. मी तिच्याजवळ फरशीवर बसले.

"आजी, समजावू नका ना," ती कुजबुजली. "त्या बायका समजावून गेल्या, मंग काकूनं जास्त मारलं."

"आम्ही न्यायला आलोय तुला," पोलीसबाई म्हणाली.

पोरीने तिच्याकडे पाहिलं, मग काकूकडे. "आन् वापस कवा आणून सोडता?"

"मी जिवंत आहे तोवर नाही," मी म्हटलं. कुठल्या अधिकाराने म्हटलं, देव जाणे. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि तेव्हापासून मी दर आठवड्याला बालगृहात जाते. आता तिथल्या इतर मुलीही मला आजी म्हणतात. परवा कळलं, तिच्या काकांनी तिला परत मागितलंय. तिचे वडील हो म्हणालेत.