फेलिक्सच्या खांद्यावरची लेन्स

सेलिना फर्नांडिस शाळेतून निवृत्त झाली तेव्हा गोव्यातल्या लेकीने, ग्लेनिशाने, तिला डिजिटल एसएलआर कॅमेरा दिला, आणि देवबागच्या त्या घरात कोणी वेळेवर जेवेनासं झालं. जन्मभर मुलांना नकाशावर वारे आणि प्रवाह दाखवणारी ही बाई आता उजाडलं की अनवाणीच खाडीकडे पळायची. होड्या, खेकडे, वाळूवर वाळत पडलेली जाळी, काही सोडायची नाही. पण तिचा जीव जडला तो पलीकडच्या काठावर, उंच सुरूच्या झाडावर घरटं केलेल्या समुद्रगरुडावर.

कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स जवळच्या गोष्टींसाठीच बरी होती. तरी सेलिनाने गरुडाचा पहिला फोटो मोठ्या हौसेने नवऱ्याला दाखवला. फेलिक्स मालवाहू जहाजांवर कुक होता. आता घरच्या स्वयंपाकघरात त्याचं राज्य. त्याने चष्मा वर केला, खाली केला.

"ह्यो गरुड काय माशी?"

"लांब आसा रे तो."

"मगे जवळ जा."

गरुड कसला थांबतोय. दोनदा उडून गेल्यावर सेलिनाने पणजीची बस पकडली. तिथल्या दुकानात ब्रँडन नावाचा मुलगा लेन्स भाड्यानेही द्यायचा. त्याने दोन समोर ठेवल्या. एक पर्समध्ये मावेल अशी हलकी. दुसरी चांगली दुधीभोपळ्याएवढी, आणि तशीच जड.

"टीचर, मोठी हातात धरून हलणार. स्टँड लागेल," तो म्हणाला. "दोन्ही घेऊन जा, वापरून बघा, मग ठरवा."

रविवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर नवराबायको शेजारच्या बाबूच्या होडीत बसले. आधी हलकी लेन्स लावली. माशीची साळुंकी झाली. फोटो स्वच्छ, मान दुखत नाही, गळ्यात अडकवून कुठेही फिरावं. सेलिनाचं मन जवळजवळ ठरलं.

मग मोठी लावली. डुलत्या होडीत स्टँडचे तीन पाय तीन दिशांना गेले. हातात धरून बघावं तर पहिल्या फोटोत नुसतं आभाळ, दुसऱ्यात गरुडाची शेपटी, तिसऱ्यात बाबूचा कान. ती हसायला लागली, तशी होडी आणखी हलायला लागली, आणि ते बघून बाबूही वल्हं सोडून हसत बसला.

"फेलिक्स, हंय ये. पाठ कर माका."

तो तिच्यापुढे पाठ करून बसला. तिने लेन्स त्याच्या खांद्यावर टेकवली.

"आता श्वास घेव नको."

"कितको वेळ?"

"तो गरुड उडासर."

फेलिक्सने गाल फुगवून श्वास कोंडला. गरुड फांदीवर मासा फाडत होता. त्याने मान वळवून नेमकं होडीकडे पाहिलं, आणि तिने बटण दाबलं. पडद्यावर पांढरंशुभ्र पोट, वाकडी चोच, माशाचे चमकणारे खवले, सगळं आलं. सेलिनाने नवऱ्याच्या टकलाचा मुका घेतला, बाबूसमोरच.

"माका बघूक दी," म्हणत फेलिक्सने कॅमेरा घेतला, तो काठ येईपर्यंत परत दिलाच नाही.

लेन्स परत करायला पणजीला दोघं मिळून गेली. बसप्रवास, वय, मानेचं दुखणं, सगळा विचार करून सेलिनाने विकत घ्यायला हलकी लेन्स काउंटरवर पुढे सरकवली. फेलिक्सने ती बाजूला केली आणि दुधीभोपळा पुढे ढकलला.

"अरे, पण तो उचलतलो कोण?"

"खांदो माझो आसा मा."

सेलिनाला दुकानातच असं हसू फुटलं की ब्रँडन घाबरून पाणी घेऊन आला.

पुढच्या आठवड्यात दोघं रेडी बंदरावर गेली. सेलिनाला खडकांवरचे बगळे हवे होते. पण कॅमेरा फेलिक्सने बळकावला आणि बंदराबाहेर नांगरून उभ्या असलेल्या जहाजावर रोखला. श्वास कोंडून तो बघत राहिला. मग त्याचा श्वास जोरात सुटला.

"काय दिसलां?" तिने विचारलं.

"कुक. डेकवर बटाटे सोलता." त्याने वैतागून मान हलवली. "सालीबरोबर अर्दो बटाटो गेलो, आणि ह्येका कोण सांगणारो नाय."