निसारभाईंनी न उघडलेले झाकण

हा गौरवग्रंथ ज्यांच्या पंचाहत्तरीचा, त्या श्री. निसारभाई तांबोळी यांची माझी पहिली भेट माझ्या फजितीतून झाली. तेव्हा मी नगरच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होते आणि घरी गाणे ऐकण्याच्या यंत्रांचा, म्हणजे अॅम्प्लिफायर, स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर यांचा, मला नवा नाद लागला होता. या यंत्रांना वाहिलेल्या आपल्या त्रैमासिकात निसारभाईंची परीक्षणे येत. एका अंकात त्यांनी लिहिले की, स्पीकरची वायर महाग घेतल्याने आवाजात काडीचाही फरक पडत नाही. मी तावातावाने पत्र धाडले. मी स्वतः तशी वायर आणली आहे, फरक स्वच्छ ऐकू येतो, असे ठणकावले. आठ दिवसांत पोस्टकार्ड आले. "मॅडम, रविवारी केडगावला या. वायर घेऊन या."

केडगावच्या त्या घरातली मागची खोली तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, मधोमध तीन पायांच्या स्टँडवर माप घेण्याचा मायक्रोफोन, कोपऱ्यात विजेची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप. पुणे रस्त्यावरून जड ट्रक गेला की चालू माप रद्द करून पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे, हा तिथला नियम. त्या दिवशी त्यांनी चादरीचा पडदा बांधला. पडद्यामागे त्यांच्या पत्नी शमीमभाभी कधी माझी वायर जोडत, कधी साधी. मी फक्त ओळखायचे. सोळापैकी सात वेळा माझे बरोबर आले. नाणे उडवले असते तरी तेवढे आले असते.

मी लाजेने उठू लागले तेव्हा निसारभाई म्हणाले, "बसा हो. पहिल्यांदा माझे सहा आले होते. कान मनाचं फार ऐकतात. म्हणून आधी मोजायचं, मग ऐकायचं, आणि दोन्ही लिहायचं."

त्या रविवारपासून मी त्यांच्या हाताखाली शिकू लागले. ते मापे घेत, मी आणि ते दोघे वेगवेगळे बसून ऐकत असू, आणि टिपणे लिहून झाल्याशिवाय एकमेकांशी बोलत नसू. निसारभाईंनी सगळी नोकरी एका मोटारींच्या कारखान्यात, तपासणी विभागात केली होती. तिथली शिस्त त्यांनी घरी आणली. आलेले प्रत्येक यंत्र आधी झाकण काढून आतून पाहायचे, वीज कुठून येते, कुठे जाते, कुठे गळू शकते, हे तपासायचे, आणि मगच त्याला गाणे लावायचे. एका व्यापाऱ्याने परीक्षणासाठी दिलेला स्पीकर "तुमच्याकडेच राहू द्या" म्हटल्यावर निसारभाई तो स्वतः रिक्षात घालून दुकानात ठेवून आले.

त्यांच्या मायेचा एक अनुभव सांगते. माझ्या वडिलांना म्हातारपणी ऐकू येईना. यंत्र कानात घालायला ते तयार नव्हते. निसारभाईंनी आमच्या घरी येऊन त्यांना निरनिराळे सूर ऐकवले, कुठला ऐकू येतो आणि कुठला नाही याचा कागद केला, आणि त्या कागदाप्रमाणे एक छोटा अॅम्प्लिफायर नि हेडफोन जुळवून दिला. वडिलांनी तो लावला. मी "दादा, जेवलात का?" असे विचारले. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तुझा आवाज अगदी आईवर गेलाय." पुढे पाच महिन्यांनी ते गेले. ते पाच महिने आम्ही बोलू शकलो, एवढे मला पुरते.

असे प्रसंग सांगून हा लेख पुरा करता आला असता. पण मला कोल्हारच्या प्रसंगाबद्दल लिहायचे आहे.

निसारभाईंचे एक जुने सहकारी होते, अशोकराव. कारखान्यात वीस वर्षे दोघे एकाच टेबलावर बसले, एकाच डब्यात जेवले. निवृत्तीनंतर अशोकरावांनी एमआयडीसीत लहानसा गाळा घेऊन घरगुती अॅम्प्लिफायर बनवायला सुरुवात केली. पहिली चाळीस यंत्रे तयार झाली, त्यातले एक ते परीक्षणासाठी घेऊन आले. मी तिथे होते. निसारभाईंनी सवयीने स्क्रू-ड्रायव्हर उचलला. स्क्रूंवर कागदी सील चिकटवलेले होते.

अशोकराव हसून म्हणाले, "निसार, आता माझंही झाकण काढणार का तू? आतलं सगळं मी स्वतः बघितलंय. सील तुटलं तर मला हेच यंत्र विकता येणार नाही."

निसारभाईंनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

बाहेरून घेता येतील ती सगळी मापे घेतली. ती उत्तम होती. आवाज मोकळा, गोड होता. मलाही आवडला आणि मी तसे लिहिले. परीक्षण छापून आले. वर्षभरात सगळी चाळीस यंत्रे विकली गेली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी कोल्हारहून एक गृहस्थ मोटारसायकलवर त्या चाळिसांतलेच एक यंत्र पोत्यात बांधून घेऊन आले. त्यांच्या चुलती सुमनबाई दोन आठवड्यांपूर्वी गेल्या होत्या. फरशी पुसून झाल्यावर अनवाणी उभ्या राहून ओल्या फडक्याने यंत्र पुसत होत्या. हात लागला तो सुटला नाही. पोलिसांनी अपघाती मृत्यू म्हणून नोंद करून यंत्र परत दिले होते.

"चुलते म्हनले, ज्यांनी ह्याच्यावर लिवलं हुतं त्यांच्याकडं ने," ते गृहस्थ म्हणाले. "काय झालं ते तेवढं सांगा."

निसारभाईंनी सील फाडले आणि झाकण काढले. विजेची तार पत्र्याच्या भोकातून आत येते तिथे रबराची कडी बसवायची असते. ती नव्हती. पत्र्याच्या धारेने तारेचे आवरण कापले गेले होते आणि उघडे तांबे पत्र्याला टेकले होते. प्लगही दोन पिनांचा, म्हणजे वीज जमिनीत जायला वाट नव्हती. सगळे यंत्र जिवंत, म्हणजे हात लागेल तिथे झटका देणारे, झाले होते. झाकण काढले की हे पहिल्या नजरेत दिसते. मापयंत्र लागत नाही.

शमीमभाभींनी आणलेला चहा निवला. मग निसारभाईंनी कोल्हारच्या घराचा पत्ता विचारून घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे एसटीने कोल्हारला गेलो. सुमनबाईंचे यजमान रंगनाथअण्णा साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ओसरीत बसले होते. आत शोकेसच्या काचेमागे आमच्या परीक्षणाचे कात्रण लावलेले मला दिसले. माझेही नाव त्यावर होते.

निसारभाईंनी काय बिघडले ते नीट सांगितले. अण्णा फिटरच होते, त्यांना लगेच कळले. ते म्हणाले, "म्हंजी उघडलं असतं तर दिसलं असतं."

"हो."

"तुमी उघडून बघितलं न्हाई?"

"नाही."

"का न्हाई?"

निसारभाई म्हणाले, "मित्राचं होतं."

अण्णांची सून दारात उभी होती, ती आत गेली. मला वाटले, आता हे शिव्या देतील, हात उगारतील. द्यायला हव्या होत्या. अण्णांनी विचारले, "असली किती मशिनी हायेत?"

"चाळीस."

"मंग हितं बसून काय करताय? बाकीच्या घरांत बायामानसं न्हाईत का? उठा. जा तिकडं."

आम्ही उठलो. निसारभाईंनी हात जोडले. अण्णांनी तोंड फिरवले.

तिथून आम्ही थेट अशोकरावांच्या गाळ्यावर गेलो. ऐकल्यावर ते खुर्चीत कोसळले. पहिल्या खेपेला रबराच्या कड्या संपल्या होत्या, नंतर बसवू म्हणून राहून गेले, हे त्यांनीच रडत सांगितले. मग म्हणाले, "निसार, छापू नकोस. मी गुपचूप सगळी परत मागवतो."

"किती दिवसांत?"

"होईल दोन-तीन महिन्यांत."

"तीन महिने लोकांनी हात लावायचा?"

"माझी पोरं ह्या गाळ्यावर जगतात रे."

निसारभाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अशोकरावांनी तो झटकला.

त्रैमासिकाच्या अंकाला वेळ होता. निसारभाईंनी एक पान छापून घेतले, दुकानादुकानांत लावले, वाचकांना टपालाने पाठवले. त्याची सुरुवात अशी होती: "मी निसार तांबोळी. मी हे यंत्र उघडून न पाहता चांगले म्हटले. त्यामुळे एका बाईंचा जीव गेला. हे यंत्र तुमच्या घरी असेल तर हात न लावता आधी घरातला मेन स्विच बंद करा, मग प्लग काढा." अशोकरावांना दोष देणारे एकही वाक्य त्यात नव्हते. मी म्हटले, "निसारभाई, कडी त्यांनी बसवली नाही." ते म्हणाले, "ते त्यांनी लिहावं. ह्या कागदावर माझी सही आहे."

गाळा बंद पडला. एका सकाळी अशोकराव केडगावला आले, दारातूनच एक कागद पुढे केला. कुठल्या क्रमांकाचे यंत्र कुठल्या दुकानात दिले, त्याची ती यादी होती. "हे घे. आता माझ्या घरी येऊ नकोस," असे म्हणून गेले. ते दोघे पुन्हा कधी बोलले नाहीत. मागल्या वर्षी अशोकराव वारले. निसारभाई अंत्ययात्रेला गेले, पण अशोकरावांच्या मुलांनी पाहू नये म्हणून सगळ्यांच्या मागून, रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालले.

त्या यादीवरून शोध सुरू झाला. राहुरी, श्रीरामपूर, नेवासे, संगमनेर, कुठे एसटीने, कुठे कोणाच्या टेम्पोतून, पिशवीत तार, रबराच्या कड्या, तीन पिनांचे प्लग आणि विजेची गळती मोजण्याचे यंत्र घेऊन निसारभाई फिरले. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर असे. कुठे लोकांनी आदराने बसवले, कुठे "आता आलात होय?" म्हणून दार लावले. एका घरी माणसाने आमच्या देखत कात्रण फाडून अंगावर टाकले. निसारभाईंनी तुकडे वेचले आणि विचारले, "यंत्र कुठं आहे?"

पाथर्डीजवळच्या एका वस्तीवर एक बाई म्हणाल्या, "हात लागला की मुंग्या येत्यात. आमाला वाटलं, मशीनच तसलं आसंल. म्हनून पोरींना म्हनलं, चप्पल घालून लावा गानी." आम्ही उघडले. आवरण कापले गेले होते, फक्त तांबे अजून पुरते टेकले नव्हते. निसारभाईंनी ते दुरुस्त केले, दोनदा मोजले, जोत्यावर येऊन बसले आणि ओंजळीत तोंड धरून रडले. त्या बाई घाबरून मला विचारू लागल्या, "बाबांना काय झालं?" 

त्यानंतर आपल्या त्रैमासिकाचे प्रत्येक परीक्षण झाकण उघडलेल्या छायाचित्राने सुरू होते. उघडू न देणाऱ्याचे यंत्र निसारभाई घेत नाहीत. काही कंपन्यांनी यंत्रे पाठवणे बंद केले, आपली पाने घटली, हे तुम्ही जाणता. सहा वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःचे कान तपासले. वरचे सूर गेले होते. पुढच्याच अंकात त्यांनी आपल्या कानांचा आलेख छापला आणि "यापुढे मी फक्त मोजेन, ऐकण्याचे टिपण दुसऱ्या कोणी लिहावे," असे कळवले. ती जागा माझ्याकडे आली. आता तर डावा कान पुरता गेला आहे. ज्या माणसाने आयुष्यभर आवाज पारखला त्याला आज शमीमभाभींची हाक उजवीकडून यावी लागते.

रंगनाथअण्णांनी त्यांना माफ केलेले नाही. दर उन्हाळ्यात निसारभाई कोल्हारला जातात. अण्णा त्यांना बसा म्हणत नाहीत. "किती ऱ्हायली?" एवढेच विचारतात. निसारभाई आकडा सांगतात आणि परततात. या सत्कार समारंभाचे निमंत्रण मी स्वतः अण्णांना दिले. ते म्हणाले, "मी येनार न्हाई. पन त्यांच्या तब्येतीला जपा. काम ऱ्हायलंय."

निसारभाईंनीही सत्काराला आधी नकारच दिला. मग एका अटीवर होकार दिला. ग्रंथात कोल्हारचा प्रसंग असावा, सौम्य न करता, आणि तो मी लिहावा, कारण त्या परीक्षणावर माझेही नाव होते. ती अट मी आज पाळली आहे. त्या दिवशी त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला तेव्हा मी शेजारीच बसले होते. मीही काही बोलले नाही. हे मी इतक्या वर्षांत प्रथमच लिहिते आहे.

चाळीसपैकी सदतीस यंत्रे सापडली. उरलेली तीन नेवासे आणि शेवगावच्या बाजूला विकली गेली, पुढे हातोहात कुठे गेली ते कळत नाही. काळा पत्रा, पुढे दोन चंदेरी बटणे, मागे दोन पिनांचा प्लग. वाचकहो, असे यंत्र कोठे दिसले तर त्याला हात लावू नका, लावू देऊ नका, आणि केडगावला कळवा.

निसारभाई पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांचे गुडघे दुखतात, एसटीची पायरी चढताना धरावे लागते. त्यांच्या मनाला शांती लाभो असे मी म्हणणार नाही. ती त्यांना नको आहे. त्यांचे पाय चालते राहोत, हात स्थिर राहोत, दृष्टी शाबूत राहो, आणि ती तीन घरे सापडेपर्यंत आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षे शमीमभाभींसह त्यांना निरोगी आयुष्य लाभो. येत्या रविवारी आम्ही शेवगावला चाललो आहोत.