क्वार्टरबॅकचा बाप

आपल्या पोराचं कौतुक आपणच चारचौघांत करायचं नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते आपल्याकडे अंगातच असतं. कुणी म्हणालं, "मुलगा हुशार आहे हो तुमचा," की आपण म्हणायचं, "कसला हुशार, नऊ वाजेपर्यंत लोळत असतो." आपल्या मनात काय आहे ते समोरच्याला बरोबर कळतं आणि पोराला दृष्टही लागत नाही. नागपुरात माझी निम्मी हयात गेली. तिथे या बोलण्याचा कुणी भलता अर्थ लावल्याचं मला आठवत नाही.

आम्ही देश सोडून इकडे परदेशात, हॅमिल्टनला आलो तेव्हा मुलगा लहान होता. शाळेत त्याला फुटबॉलचा नाद लागला. इथला फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा नव्हे, तर लांबुडका चेंडू हातात घेऊन एकमेकांना आडवं पाडण्याचा. त्यात तो क्वार्टरबॅक झाला. दर डावाला चेंडू आधी याच्या हातात येतो, समोरून रेड्यासारखी पोरं अंगावर धावून येतात आणि तेवढ्यात कुणाकडे फेकायचं ते यालाच ठरवावं लागतं. संघ जिंकला तर हा देव, हरला तर सगळ्यांच्या शिव्या यालाच. मी त्याला बॅडमिंटन खेळ म्हणून सांगून पाहिलं होतं.

२०१६ चा हिवाळा असेल. एका विद्यापीठाचे कोच त्याला बघायला आमच्या घरी आले. मुलगी बघायला यावं तसंच ते सगळं होतं, फक्त मान खाली घालून मुलगा बसला होता. बायकोने साबुदाणा वडे केले होते. कोचनी मला विचारलं, मुलगा स्वभावाने कसा आहे? मी म्हटलं, साधाच आहे, जरा आळशी आहे, मोठ्या सामन्याआधी याला झोप लागत नाही, अजून पुष्कळ शिकायचंय. कोच खाता खाता थांबले. ते गेल्यावर बायको म्हणाली, "स्थळ मोडायला निघाला होतात का?" मी हसलो. त्यांनी त्याचे व्हिडिओ आधीच पाहिले होते, म्हणून त्याला घेतलं. नाहीतर मी तेव्हाच घोटाळा करून बसलो असतो. तेवढ्यावरून मला अक्कल यायला हवी होती, पण आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तो विद्यापीठात दाखल झाला. जुना क्वार्टरबॅक शिकून बाहेर पडला होता आणि त्या जागेवर दोघांचा डोळा होता. एक तिसऱ्या वर्षाचा मुलगा, इतकी वर्षं बाकावर बसून आपल्या पाळीची वाट बघणारा, आणि दुसरा आमचा. कॉलेजच्या संघालाही इतके कट्टर चाहते असतात याची मला कल्पना नव्हती. त्यांचा इंटरनेटवर एक कट्टा होता आणि तिथे गल्लीतल्या निवडणुकीसारखी जुंपली होती. कुणी म्हणे, तिसऱ्या वर्षाच्या पोराचा हक्क आहे. कुणी म्हणे, हक्काने सामने जिंकता येत नाहीत, नव्याचा हात बघा. मी ऑफिसात कामाचं सोंग करून सगळं वाचायचो. त्याला कुणी नावं ठेवली की माझा डबा तसाच राहायचा. कुणी स्तुती केली की ती पुन्हा पुन्हा वाचायचो. माझ्या तोंडून कधी निघाली नाही ती स्तुती मी अशी परक्यांकडून चोरून खात होतो.

ऑगस्टमध्ये एका शनिवारी सराव बघायला लोकांना मोकळीक होती. माझ्या शेजारी एक निवृत्त शाळामास्तर बसले होते, कित्येक वर्षांपासूनचे चाहते. त्यांनी मला थर्मासमधली कॉफी दिली आणि यातला तुमचा कोण, असं विचारलं. मी दाखवला. ते म्हणाले, काय सुंदर हात आहे याचा. यंदाच खेळवावं असं वाटतं का तुम्हाला?

अभिमानाने माझा ऊर भरून आला होता, हे मी शपथेवर सांगतो. आणि त्या भरल्या उराने मी म्हणालो, "हात ठीक आहे, पण घाबरतो फार. यंदा नको. अजून तयार नाही."

आता ते "छे हो, असं काय म्हणता" म्हणतील आणि मग मी आढेवेढे घेत घेत चार चांगल्या गोष्टी सांगीन, असा माझा हिशेब. आपल्याकडे कुणीही तसंच म्हटलं असतं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, इतका प्रामाणिक बाप क्वचितच भेटतो.

त्याच संध्याकाळी त्यांनी कट्ट्यावर लिहिलं. वाईट हेतू अजिबात नव्हता. मुलाच्या वडिलांशी बोललो, सज्जन गृहस्थ आहेत, पोरगा घाबरतो आणि अजून तयार नाही असं तेच म्हणाले, तेव्हा त्याच्यावर इतक्यात ओझं टाकू नका. वाद तिथेच मिटला. आमच्या बाजूचा कुणी काही बोलायला गेला की उत्तर ठरलेलं, सख्खा बापच सांगतोय. मी खुलासा लिहायला बसलो. पण लिहिणार काय? मी खोटं बोललो? की आमच्यात असंच बोलतात? लिहिलेलं सगळं पुसून टाकलं.

पहिल्या सामन्यात तिसऱ्या वर्षाचा मुलगा उतरला आणि मग वर्षभर तोच खेळला. तो चांगला खेळायचा, हेही सांगितलं पाहिजे. आपण कट्टा वाचत नाही, असं कोच म्हणायचे. असेलही खरं. पण मला ते कधीच कळणार नाही आणि म्हणून ते मनातून जातही नाही. आमचा मुलगा हेल्मेट हातात धरून कडेला उभा असायचा. सरावात काही चुकलं की सोबतची पोरं म्हणायची, तुझ्या डॅडने सांगितलंच होतं. हे त्याने आईला सांगितलं, मला नाही.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला, इकडे ती ऑक्टोबरातच येते, मी त्याला आणायला गेलो. हायवेला लागल्यावर तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला रिअली वाटत होतं की मी रेडी नाही?"

मी घाईघाईने सगळं समजावलं. माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा पेढे घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ते सांगत होते, पास झाला एवढंच. पण शेजारच्या काकूंनी मला हळूच सांगितलं होतं, अरे, ते तर तुझी मार्कशीट घेऊन सगळं ऑफिस फिरून आले.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बट तुम्हाला त्या काकूंनी सांगितलं ना. मला कोण सांगणार? इथे तशा काकू नाहीत."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमची ती रीत शेजारणीच्या भरवशावर चालत होती. शेजारीण तिकडेच राहिली आणि मी नुसती रीत घेऊन इकडे आलो.

"ओके," तो म्हणाला, "मग आता तुम्हीच सांगा. कारमध्ये दुसरं कुणी नाहीये."

मला सांगायचं होतं. खूप सांगायचं होतं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "डावीकडे फेकताना तुझा पाय जरा लवकर पडतो."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "येस, कोच पण तेच म्हणतात." आणि त्याने कानात इअरफोन घातले.

पुढच्या वर्षी त्याला संधी मिळाली आणि तो छान खेळला. लोक उभे राहून ओरडत होते, त्यांच्यात मीही ओरडत होतो, पण संघाचं नाव घेऊन, त्याचं नाही. आता तो नोकरीसाठी या देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कोक्विटलामला असतो. रविवारी त्याचा फोन येतो. हवा आणि विंटर टायर्स यांवर आम्ही बोलतो, मग तो आईला फोन द्यायला सांगतो.

तो फार चांगला क्वार्टरबॅक होता. ती धिप्पाड पोरं अंगावर येताना तो शेवटपर्यंत पाय रोवून उभा राहायचा. घाबरायचो तो मी, वर बाकावर बसून. हे एकदाचं मी लिहिलं खरं, पण मराठीत. त्याला मराठी वाचता येत नाही.