ब्लेडच्या खाचेतली हळद

सिंगापूरच्या बर्फाच्या रिंकमागे, एका छोट्या खोलीत तो स्केट्सना धार लावायचा. वयाने माझ्याच बरोबरीचा, तरी मला 'अंकल' म्हणायचा. नाव मी कधी विचारलं नाही. माझी नात शॉर्ट ट्रॅक या बर्फावरच्या स्केटिंग शर्यतीत उतरायची, म्हणून यिशुनमधल्या आमच्या घरून तिला घेऊन मी नेहमी जायचो. धार झाली की तो ब्लेड स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर ओढायचा. नखाची पांढरी भुकटी निघाली की सिंगापुरी हेल काढून म्हणायचा, "ओके लाह! आता तुम्हीसुद्धा पळाल, अंकल."

तिच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या आदल्या दिवशी खंडेनवमी होती. त्याने धार लावून दिलेले स्केट्स मी पाटावर मांडून पूजले. मग हळदकुंकवाचे डाग नकोत म्हणून ब्लेड्स तारेच्या घासणीने लख्ख घासली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच वळणावर नात घसरून कठड्यावर आदळली. संघाच्या कामासाठी तोही तिथे होता; मी सगळ्या संघासमोर त्याच्यावर ओरडलो, "ही काय धार लावलीत?"

त्याने ब्लेड नखावर ओढलं. भुकटी निघाली नाही. ब्लेड जिथे बसवलेलं असतं त्या खाचेत अडकलेली हळद त्याला दिसली, मलाही दिसली. त्याने ती फडक्याने पुसली. रडणाऱ्या नातीकडे पाहिलं आणि म्हणाला, "सॉरी अंकल, माझी चूक."

संघाने पुढे त्याला काम दिलं नाही. तरी मी दिसलो की तो हात हलवायचा, आणि मी दुसरीकडे बघायचो.

नातीला आज हे लिहून पाठवतो आहे. बाळा, तुझी धार त्याने नाही, मी घालवली.