दोन-चारची बांगडी

आर्णीच्या बाजारात बांगड्या विकणारी दीपमाला गिऱ्हाइकाचा चेहरा नंतर पाहायची, आधी हात. दोन-चार, दोन-सहा, नजर पडली की माप तोंडातून निघायचं. गेले पंधरा दिवस मात्र ती स्वतःच्याच हाताकडे पाहणं टाळत होती.

तिची किडनी अधू आहे, लघवीतून प्रथिनं जातात, हे लग्नाआधीच कळलं होतं. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षं थांबवलं, गोळ्या बदलल्या, तेव्हा कुठे दिवस राहिले. "बीपी रोज मोजायचा. सूज दिसली की त्याच दिवशी यायचं," एवढं त्यांनी बजावलं होतं. आता सातवा महिना. चार दिवसांपूर्वी आकडा एकशे अडतीसवर गेला, आणि तिनं मशीनच कपाटात ठेवून दिलं.

ती दुकानात बसायची, उठायची, लावलेले डबे पुन्हा लावायची.

"काहून वो, बुडाखाली इंगळ हाय का?" सासू वच्छलाबाई म्हणाल्या.

"काही नाही, आई."

तेवढ्यात शेजारची चंदाबाई आली. दोघींची लग्नं एकाच महिन्यात झालेली. हाताचं मापही एकच, म्हणून दीपमाला नवा माल आधी तिच्या हातात चढवून बघायची.

"तुह्या हातातल्यासारख्याच दे मले. हिरव्या."

दीपमालानं सवयीनं स्वतःच्या मापाचा डबा काढला. चंदाबाईनं बांगडी चढवली, हात खाली सोडला, आणि बांगडी घरंगळत जमिनीवर गेली.

"हे कोणाचं माप हाय वो? म्हशीचं?"

वच्छलाबाई हसल्या. दीपमाला हसली नाही. डब्यावर दोन-आठ लिहिलं होतं. दिवाळीला दोन-चार घट्ट झाली, तिनं दोन-सहा घातली. परवा तीही रुतली, तेव्हा दोन-आठ. दिवसांत हात भरतोच, असं शंभर गिऱ्हाइकांना सांगायची, तेच तिनं स्वतःलाही सांगितलं होतं. गिऱ्हाइकांच्या किडन्या धड होत्या.

ती आत गेली. मशीनवर एकशे चोपन्न आलं.

"आई, आत्ताच यवतमाळले जा लागते. हात सुजला हाय, बांगड्या काढा लागतीन."

"ओटी भरल्याबिगर हात रिकामे कराचे?" वच्छलाबाईंचा चेहरा उतरला. साबण लावूनही बांगड्या निघेनात. मग त्यांनीच सुनेचा हात पदरात घेतला आणि एकेक बांगडी टिचवून वाढवली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सूज कधीपासून?"

दीपमालानं पिशवीतून दुकानातून आणलेल्या तीन मापांच्या तीन बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या. "ही दिवाळीआधीची. ही दिवाळीनंतरची. अन् ही परवाची."

बाईंनी तिन्ही एकात एक ठेवून पाहिल्या. रागावल्या नाहीत, भरतीचा कागद पुढे ओढला. "सूज दिसली त्याच दिवशी यायला हवं होतं. पण आलीस. आता बाळाचे ठोके ऐकू."

पोटावर गार जेल लागलं. यंत्र नुसतं खरखरत राहिलं. सोबत आलेल्या वच्छलाबाईंनी टेबलावरची दोन-चारची बांगडी मुठीत आवळली. मग खरखरीतून ठोके आले, भरभर, एकामागून एक. दीपमाला ते मोजू लागली. मध्येच चुकली, की पुन्हा एकपासून.