रंगाचा दुसरा हात

हात कायम डाव्या मांडीला पुसायचे. चहा खिडकीत ठेवून विसरायचा आणि गार झालेला चहाही फुंकून प्यायचा. गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी त्याच्या बाहीकडे बघायचं. ओल्या कापडाबद्दल कुणी विचारलं की एकच उत्तर, "वाळल्यावर बोलू." ओला रंग फसवतो, असं त्यांचं म्हणणं.

हे आमचे रंगारीकाका. मी त्यांच्या कारखान्यावरच्या खोलीत भाड्याने राहतो. साहित्यात पदवी घेतलेली, म्हणून ते मला कविराज म्हणत. मी आजवर एकही कविता लिहिलेली नाही.

त्यांच्या नडग्यांवर जांभळे ठिपके दिसले, तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. रंगाऱ्याच्या पायावर रंग असायचाच. काकूंनी साबणाने घासलं, मग रॉकेलचा बोळा फिरवला.

"निघत नाही हो."

"मी रंगवलेलं कधी निघालंय का?"

आम्ही हसलो. ठिपके गुडघ्यापर्यंत चढले. बोटाला उंचवटे लागू लागले. विजारही कमरेत सैल झाली होती, ते तेव्हा ध्यानात आलं.

डॉक्टरीणबाईंनी एका ठिपक्यावर काच दाबली. तो फिका पडला नाही.

"रक्त त्वचेत झिरपलंय. बारीक रक्तवाहिन्या सुजल्यात. कधीकधी याचं मूळ आत असतं. जंतुसंसर्ग, किंवा..."

"किंवा काय?" काकूंनी विचारलं.

"कर्करोग. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

"जंतूच निघू देत," काकू वाटभर पुटपुटत होत्या. जंतूंसाठी देव पाण्यात घालून बसलेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं.

अहवाल यायचा होता. काका स्वस्थ बसेनात. माझा विटलेला कोट त्यांनी निळ्या रंगात बुडवला आणि दोरीवर टाकला. पाणी ठिबकत होतं.

"काका, काय निघेल?"

त्यांनी कोटाकडे पाहिलं. "वाळल्यावर बोलू."

रक्ताचा कर्करोग निघाला. दुपारीच त्यांना दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो, तर कोटाचंच बोलत होते.

"दुसरा हात राहिलाय. तुझ्या काकूला देऊ देऊ नकोस. ती रंगात मीठ जास्त घालते."

"ऐकतेय मी," काकू उशाशी बसून म्हणाल्या.

"म्हणून तर सांगतोय."

काका घरी आलेच नाहीत.

कोट अजून दोरीवर आहे. कधीच वाळलाय. काखेत आणि कॉलरखाली रंग पोचलेला नाही.

काकूंनी रंगाच्या पातेल्याजवळ मीठ काढून ठेवलंय. त्यातलं थोडं रोज परत बरणीत टाकतात.